रेघेच्या जागी शून्य

सोमवार, सकाळचे साडेनऊ
माहिती कक्ष, खिडकीजवळचं टेबल

ताई,

नमस्कार. तू बरी असशील असं धरून चालतो. मी बरा आहे, ही बरी आहे, दोन्ही मुली बऱ्या आहेत. धाकटीचा पुढचा दात पडला. तिने तो कागदात गुंडाळून मला दिला आणि म्हणाली, "बाबा, हा तुमच्या आजारांच्या यादीत लिहा." घरात माझ्या कामाला मान देणारी ती एकटीच.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. औषधांची गाडी दहाला निघते. गाडीवाले काका तुझ्या दवाखान्यात खोकी उतरवताना हे तुझ्या हातात देतील. चार महिन्यांनी लिहितोय, कुठून सुरुवात करावी कळत नाही. म्हणून कामापासून करतो. ते तरी मला येतं, असं आज सकाळपर्यंत वाटत होतं.

कक्षात सध्या नुसता गोंधळ आहे. घटसर्पाबद्दल वरून महिन्याभरात चार सूचना आल्या आणि चारही मीच शुक्रवारच्या पत्रकात छापल्या. सतराव्या पत्रकात म्हटलं, संशय आला की निकालाची वाट न बघता प्रतिविषाचं इंजेक्शन द्या. अठराव्यात म्हटलं, साठा कमी आहे, निकालाशिवाय मागवू नका. मग अठराव्याचं शुद्धिपत्र निघालं, सतराव्याप्रमाणे वागा. एकोणिसाव्यात त्या शुद्धिपत्राचा खुलासा आहे. तो मी चारदा वाचला, मला कळला नाही, पण स्वल्पविराम मात्र सगळे जागच्या जागी आहेत. एका म्हाताऱ्या डॉक्टरांचा फोन आला, "अहो, तुमचं पत्रक वाचून माझाच घसा दुखायला लागलाय. मी आता सतरावं घेऊ की अठरावं?" मी म्हटलं, "एकविसाव्यात सांगतो." दोघंही हसलो. नंतर मनात आलं, दोनशे बारा दवाखान्यांत हा कागद भिंतीला टाचलेला असतो आणि माणसं तो वाचून औषध देतात.

तुझ्या चिठ्ठ्यांचं मनाला लावून घेऊ नकोस. तीन बुधवार तुझी चिठ्ठी आली नाही. एकोणीस वर्षांत तुझी एक चिठ्ठी चुकलेली नाही, तापाने फणफणली होतीस तेव्हाही आली होती, त्यामुळे मला कळलं काय ते. भावजी गेल्यावर माणसाचं लक्ष कुठे लागणार? मी सांभाळून घेतलंय. कोणाला काही कळलेलं नाही.

तुला पाठ आहे, तरी लिहितो, कारण लिहिल्याशिवाय आज माझ्या डोक्यात काही बसत नाहीये. दर बुधवारी प्रत्येक दवाखान्याने पाच आजारांचे आकडे पाठवायचे. रुग्ण नसेल तर शून्य लिहायचं. चिठ्ठीच आली नाही तर पत्रकात त्या गावापुढे रेघ ओढायची. शून्य म्हणजे बघितलं आणि नव्हतं. रेघ म्हणजे माहीत नाही. लागोपाठ दोन रेघा आल्या की तपासनीस बाईंनी स्वतः जाऊन बघायचं. बाईंनी नवा चष्मा घेतलाय, त्यातून त्या आणखी मोठ्या डोळ्यांनी बघतात. त्या तुझ्या दारात येऊन तुझी नोंदवही मागतायत, हे माझ्या डोळ्यांसमोर आलं आणि मला ते बघवेना.

एक विचारायचं होतं, सहज. तुझ्याकडे घसे कसे आहेत?

सहज नाही विचारत. आज पावणेनऊला तुझ्या शेजारच्या गावातल्या त्या तरुण डॉक्टरांचा फोन आला. सात वर्षांची मुलगी. शनिवारी आई तिला घेऊन आली, घसा लाल, थोडा ताप. त्यांनी भिंतीवरचं पत्रक बघितलं. सगळ्या खोऱ्यात तीन आठवडे घटसर्प शून्य. म्हणून साध्या घशाचं औषध दिलं. काल दुपारी घशात करडा पापुद्रा दिसला, मान सुजली, श्वास घेताना आवाज यायला लागला. आता ती मोठ्या हॉस्पिटलात आहे. डॉक्टर रागावले नव्हते. ते मला पुन्हा पुन्हा एवढंच विचारत होते, "शून्य म्हणजे खरंच शून्य ना? की माझी बघण्यात चूक झाली?"

मी म्हटलं, बघून सांगतो.

तर तू सांग. गेल्या तीन आठवड्यांत तुझ्याकडे असा एखादा घसा आला होता का? नसेल तर नुसतं 'नाही' लिही, काका परत येताना आणतील. 'नाही'च असेल, मला खात्री आहे. काका हॉर्न वाजवतायत.

तुझा
बारक्या

*

मंगळवार, दुपारचे बारा चाळीस

ताई,

तपासनीस बाई दीडला निघतायत. जीपमध्ये प्रतिविषाची पेटी आहे, घशाचे नमुने घ्यायच्या नळ्या आहेत आणि बाईंच्या पर्समध्ये हे पत्र आहे. पाकीट चिकटवून देतोय. बाई वाचणार नाहीत, पण माझाच भरवसा नाही, मी ते परत काढून घेईन.

काल संध्याकाळी काकांनी तुझं उत्तर दिलं. त्यात 'नाही' नव्हतं. "शून्य तुम्हीच छापलंत ना? मग मला काय विचारतोस? नमुन्यांच्या निकालाचा कागद अजून आला नाही, तो आधी पाठव. मुलगी कोणत्या शाळेतली?" मी उभ्या उभ्या तीनदा वाचलं. कुठले नमुने? कसला निकाल? तिथूनच फोन लावला आणि तू पहिल्या घंटेला उचललास. चार महिन्यांनी तुझा आवाज ऐकला. मला काय काय बोलायचं होतं. तू म्हणालीस, "शाळेचं नाव सांग."

शेजारी मोठ्या बाई उभ्या होत्या. त्या कक्षाच्या प्रमुख. सगळे कान माझ्याकडे. म्हणून मी हो, बरं, लिहून घेतो, एवढंच बोललो. तू जे सांगितलंस ते पुन्हा लिहितो, मला नीट कळलंय का बघ.

साडेतीन आठवड्यांपूर्वी तुझ्याकडे एकाच वर्गातली दोन मुलं आली. घसे तुला आवडले नाहीत. तू दोघांना वेगळं ठेवलंस, औषध सुरू केलंस, वर्गातली सव्वीस मुलं घरी बसवलीस, त्यांनाही औषध दिलंस आणि नमुने गाडीने प्रयोगशाळेत पाठवलेस. बुधवार आला. चिठ्ठीवर संशयित असा रकाना नाही. एक लिहावं तर सिद्ध झालेलं नाही, शून्य लिहावं तर ते खोटं. फोन केलास, तर इथून कोणीतरी सांगितलं, रकान्याप्रमाणे लेखी पाठवा. म्हणून तू चिठ्ठीच पाठवली नाहीस. मुद्दाम. दोन रेघा आल्या की तपासनीस बाई येतील, येताना पेटी आणतील, असा तुझा हिशेब होता.

पहिल्या शुक्रवारी तुझ्या गावापुढे शून्य छापून आलं. तुला वाटलं छापण्यातली चूक. दुसऱ्या शुक्रवारी पुन्हा शून्य. तेव्हा तू विचार केलास, माझी चिठ्ठी नसताना ही माणसं शून्य कशावरून लिहितील? प्रयोगशाळेचा निकाल थेट त्यांच्याकडे गेला असणार. नमुने स्वच्छ निघाले. तू वर्ग सुरू केलास, औषध बंद केलंस. ती मुलगी राहते शेजारच्या गावात, पण बसते त्याच वर्गात. आज आठ दिवस झाले.

ताई, प्रयोगशाळेत निकाल लागलेलाच नव्हता. मी आज सकाळी विचारलं. तिथल्या बाई म्हणाल्या, "ते दोन नमुने मागे राहिले. तुमच्याच पत्रकात त्या गावी शून्य होतं, म्हणून घाई केली नाही."

म्हणजे प्रयोगशाळेने माझ्याकडे बघितलं, त्या तरुण डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, तू माझ्याकडे बघितलंस. आणि मी कोणाकडे बघितलं? कोणाकडेच नाही. ती तीन शून्यं मी भरली. चिठ्ठी नव्हती, निकाल नव्हता, काही नव्हतं. पहिल्या बुधवारी संध्याकाळपर्यंत वाट बघितली, गुरुवारी दुपारी तुझ्या गावापुढे पेन ठेवलं आणि रेघ ओढवेना. मला वाटलं ताई खचलीय. वाटलं, बाई जातील, तिचं अस्ताव्यस्त टेबल बघतील, वर लिहितील, दवाखाना काढून घेतील, आणि मग तिच्याकडे राहील काय? शून्य लिहिताना मला बरं वाटलं, हेही लिहून टाकतो. इतक्या दिवसांनी तुझ्यासाठी काहीतरी केलं असं वाटलं.

तू खचली असशील असं मला का वाटलं, याचाच विचार कालपासून करतोय. तुझं टेबल अस्ताव्यस्त आहे हे मला कोणी सांगितलं? कोणीच नाही. मी आलोच कुठे बघायला?

आपण लहानपणी दवाखाना खेळायचो ते आठवतं? तू डॉक्टर, मी कारकून, बाहुल्या आजारी. एकदा तू बाहुल्यांचा ताप लिहायला सांगितलास आणि एक बाहुली कपाटात राहिली होती. उठायचा कंटाळा, म्हणून मी तिच्यापुढे 'ताप नाही' लिहिलं. तू पाठीत असा धपाटा घातलास की आई स्वयंपाकघरातून धावत आली. "हात लावून न बघता लिहितोस?" मी आईला सांगितलं, बाहुलीच तर होती. त्या वेळी आईने माझी बाजू घेतली. घ्यायला नको होती.

आता शेवटचं. मोठ्या बाईंना मी काल सगळं सांगितलं, म्हणजे मुलं, वर्ग, नमुने. त्यांनी लगेच फोन फिरवले, म्हणून ही जीप निघतेय. फक्त शून्याबद्दल विचारलं तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "रेघेच्या जागी चुकून शून्य पडलं." चुकून. पडलं. जसं काही वरून खाली आलं. त्या म्हणाल्या, "तीन वेळा?" मी म्हटलं, "हो ना, कसं काय कोण जाणे." त्यांनी विश्वास ठेवला, कारण माझ्या हातून कधी स्वल्पविरामही चुकत नाही.

खरं सांगितलं तर तू चिठ्ठ्या मुद्दाम पाठवल्या नव्हत्यास हेही बाहेर येतं. नाही सांगितलं तर छपाईच्या माथी जातं आणि प्रकरण मिटतं. मला खरंच कळत नाहीये यातलं तुला वाचवणारं कोणतं आणि मला वाचवणारं कोणतं. दोन्ही एकमेकांत इतकी मिसळलीयत. शुक्रवारच्या पत्रकाला अजून तीन दिवस आहेत.

जीप आली. बाईंना आधी त्या सव्वीस मुलांकडे घेऊन जा. मला शिव्या नंतर घाल.

बारक्या

*

शनिवार, दुपार
कक्षातला शेवटचा दिवस

ताई,

तपासनीस बाई काल परत आल्या. पहिलं वाक्य बोलल्या ते हे, "तुमच्या ताईंसारखी नोंदवही मी उभ्या नोकरीत पाहिली नाही." रोज सकाळ-संध्याकाळ सव्वीस घशांचे तपशील, कोण कुठे बसतं त्याचा आराखडासुद्धा. टेबलावर एक पेन आणि पाण्याचा ग्लास, बाकी काही नाही. मी म्हटलं, हो, ती पहिल्यापासून तशीच आहे. आणि नळावर जाऊन तोंड धुवून आलो.

या आठवड्याची तुझी चिठ्ठी बाईंनी आणून दिली. घटसर्प: पाच. दोन आधीचे, तीन नवे, तिघंही वेळेत सापडले. तुझं अक्षर जरासुद्धा हललेलं नाही. मी चिठ्ठी उलटून बघितली, पाकीटही उलटं करून बघितलं. माझ्यासाठी काही नव्हतं. कशाला असेल.

पत्रकाचं सांगतो. गुरुवारी खुलासा लिहायला बसलो. पहिल्या खर्ड्यात लिहिलं, 'काही आकडे चुकीचे छापले गेले आहेत.' दुसऱ्यात, 'कार्यालयात शून्य भरण्यात आले.' हे 'भरण्यात आले' मी वीस वर्षं लिहितोय, ताई, आणि भरणारा माणूस त्यात कुठेच सापडत नाही. तो कागद फाडला आणि मोठ्या बाईंच्या खोलीत जाऊन सरळ म्हटलं, "बाई, चुकून नाही. मी भरलं. बहिणीकडे तपासणी जाऊ नये म्हणून भरलं."

त्या म्हणाल्या, "तांत्रिक कारणाने असं लिहा. नाहीतर उद्यापासून या कागदावर कोण विश्वास ठेवील?"

मी म्हटलं, "तांत्रिक म्हटलं तर ते डॉक्टर जन्मभर समजतील की त्यांची बघण्यात चूक झाली. आणि माझी बहीण समजेल की तिची झाली."

"तुमची नोकरी?"

"माहीत नाही."

त्यांनी कागद मागितला, एक शब्द बदलला आणि सही केली. एकविसाव्या पत्रकात पहिल्याच पानावर आलंय, तुझ्या भिंतीपर्यंत सोमवारी पोचेल, पण तू आधी माझ्याकडून वाचावंस म्हणून उतरवतो: 'पत्रक अठरा, एकोणीस आणि वीसमध्ये खोऱ्यातील एका दवाखान्यापुढे घटसर्पासाठी शून्य छापले आहे. त्या दवाखान्याचा अहवाल आलेला नव्हता. ती शून्ये मी, या पत्रकाच्या संकलकाने, काहीही न पाहता भरली. दवाखान्याच्या डॉक्टरांना संशय होता, म्हणूनच त्यांनी शून्य पाठवले नव्हते. त्यांचे बरोबर होते. तिन्ही ठिकाणी रेघ समजावी. संशयितांसाठी या आठवड्यापासून चिठ्ठीवर वेगळा रकाना आहे.' बाईंनी बदललेला शब्द म्हणजे, मी 'त्यांचे बहुधा बरोबर होते' लिहिलं होतं. त्यांनी 'बहुधा' खोडला.

त्या तरुण डॉक्टरांना मी छापायच्या आधी फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "मी दोन दिवस झोपलो नाही हो." आणि फोन ठेवला. त्यांनी काही बोलायला हवं होतं असं मला वाटत नाही.

मुलगी अजून हॉस्पिटलात आहे. श्वास आपला आपण घेते. काल तिने आईला वहीवर लिहून विचारलं, शाळा बुडतेय का. हृदयावर परिणाम झालाय का, हे कळायला आणखी दिवस लागतील म्हणतात. ती वाचली असं सगळे मला सांगतायत, माझी समजूत घालायला. मी मान हलवतो. पण तिच्यापुढे मी मनातही अजून काही लिहिलेलं नाही.

सोमवारपासून मी औषधांच्या कोठारात. काम असं, की खोक्यावर जे लिहिलंय तेवढंच आत आहे का ते उघडून बघायचं. मोठ्या बाईंनी विचार करून दिलेलं दिसतंय. चौकशी होईल ती वेगळी. घरी हिने चहा दोनदा आणून ठेवला. धाकटीने विचारलं, "बाबा, तुम्ही नापास झालात का?" मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "मग पुन्हा बसायचं."

आणि आता ते, जे चार महिने लिहायचं टाळतोय. भावजी गुरुवारी सकाळी गेले. मला नऊ वाजता कळलं. गाडी दहाची होती आणि मी ती सोडली, कारण दुसऱ्या दिवशी पत्रक निघायचं होतं. स्वतःला सांगितलं, दोनशे बारा डॉक्टर वाट बघतायत. शनिवारी तुझ्या दारात उभा राहिलो तेव्हा तू एवढंच म्हणालीस, "निघालं का पत्रक?" मी त्याला टोमणा समजलो आणि रुसलो. मी रुसलो, ताई! मला पत्रकाची काळजी नव्हती त्या दिवशी. मला तुझ्या घरात यायची भीती वाटली. तू रडताना मी कधी तुला पाहिलेलं नव्हतं आणि पाहिल्यावर काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं. म्हणून इथे बसून राहिलो आणि आकडे जुळवले. त्या आठवड्यातही मी न बघताच धरून चाललो, की तू सावरशील. तू नेहमी सावरतेस.

तू सावरलीस का, हे मला माहीत नाही. मी एकदाही विचारलं नाही.

आज विचारतोय. सोमवारी कोठारात हजर व्हायचंय, पण बुधवारी मला सुट्टी आहे आणि गाडीत काकांच्या शेजारची जागा रिकामी असते. येऊ का? सोमवारच्या गाडीने उत्तर पाठव. पाठवलं नाहीस, तर मी त्याचा अर्थ 'ये' असा लावणार नाही आणि 'येऊ नकोस' असाही लावणार नाही. तुझ्या जागी मी आता काही भरणार नाही. रेघ ओढीन आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारीन. तेव्हाही उत्तर आलं नाही, तर दोन रेघा होतील, आणि लागोपाठ दोन रेघा आल्या की माणसाने स्वतः जाऊन बघायचं असतं. या वेळी मी नियमाप्रमाणे वागणार आहे.

तुझा
बारक्या